पातं नसलेली कात्री

प्रश्न : आमची मखमलाबादला द्राक्षबाग आहे. माल वाइनरीला जातो, म्हणून यीस्ट हा शब्द कानावरचा. मुलगी एम.एस्सी.ला आहे, तिचा सेमिनार यीस्टमधल्या ‘डॉम३४’ या प्रथिनाच्या रचनेवर आहे. नुसता आकार बघून काय कळतं?
– एक बागायतदार, नाशिक

उत्तर : भाऊ, पुष्कळ कळतं. तुमच्या द्राक्षांची वाइन करणारं यीस्ट आणि मुलीच्या प्रयोगशाळेतलं यीस्ट बहुधा एकाच जातीचं, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी.

पेशीत रायबोसोम (प्रथिनं बनवणारं यंत्र) संदेशवाहक आरएनए (जनुकातल्या सूचनेची नक्कल) वाचत सरकतो आणि प्रथिनाची साखळी जोडत जातो. ‘थांबा’ असा संकेत आला, की ईआरएफ१ नावाचं प्रथिन त्यात शिरून साखळी तोडतं. आरएनए मध्येच तुटका असेल किंवा त्याला घट्ट पीळ पडला असेल, तर रायबोसोम वाटेतच अडकतो. अशा आरएनएचे पेशी तुकडे करते, हे डोमा आणि पार्कर या संशोधकांनी २००६ मध्ये यीस्टमध्येच दाखवलं. डॉम३४चं काम इथलं.

स्फटिक करून क्ष-किरणांनी पाहिलं तेव्हा त्याचे तीन भाग दिसले. मधला आणि शेवटचा थेट ईआरएफ१च्या वळणाचे. मात्र साखळी तोडणारं टोक, दोन ग्लायसीन आणि एक ग्लुटामाइन ही अमिनो आम्लं, डॉम३४मध्ये नाहीच! विरळणीच्या कात्रीची मूठ तीच, पातं गायब. म्हणजे हे रायबोसोममध्ये त्याच जागी बसणार, पण साखळी तोडणार नाही. मग करतं काय? एचबीएस१ या जोडीदारासोबत रायबोसोमचे दोन भाग विलग करतं, हे २०१० मध्ये प्रयोगाने दिसलं. मला या प्रथिनात सगळ्यात आवडतं ते हे न असलेलं टोकच.

पहिला भाग मात्र अगदी वेगळा, आरएनएला धरणाऱ्या काही प्रथिनांत दिसते तशा घडीचा. त्यामुळे अडकलेला आरएनए डॉम३४च कापत असेल, असा संशय होता, तसा दावाही झाला. तो टिकला नाही. यीस्टमधला कापणारा ‘क्यू२’ हा वेगळाच निघाला, तोही २०१९ मध्ये.

माणसात याच प्रथिनाला पेलोटा म्हणतात. मुलीला सांगा, सेमिनारला ईआरएफ१ आणि डॉम३४च्या आकृत्या एकमेकींवर ठेवून दाखव. प्रोटीन डेटा बँकेत फुकट मिळतात.