सिफ्नोस: आधी पानिगिरीची तारीख ठरवा, मग तिकीट काढा

तुम्ही विचारलंय की आई-बाबांना घेऊन ग्रीसला जायचंय, सॅन्टोरिनी-मायकोनॉसची गर्दी नको, लहानसं बेट हवं जिथे तिथल्या लोकांचे सण, जेवण, गाणी जवळून पाहता येतील, आणि घरचे सगळे शाकाहारी आहेत. माझ्या मते तुम्ही सिफ्नोसला जा. मात्र तारखा हवामान किंवा स्वस्त तिकिटं बघून ठरवू नका. आधी बेटावरची पानिगिरी, म्हणजे चर्चचा उत्सव, कधी आहे ते बघा आणि बाकी सगळं त्याभोवती बसवा.

सिफ्नोस सायक्लाडीस द्वीपसमूहाच्या पश्चिमेला आहे. क्षेत्रफळ जेमतेम ७४ चौरस किलोमीटर, वस्ती तीन हजारांच्या आत आणि चर्च दोनशेच्या वर. यातली बरीचशी अगदी छोटी, एखाद्या कुटुंबाने सांभाळलेली. ज्या संताच्या नावाचं चर्च, त्याच्या दिवशी तिथे उत्सव भरतो, तीच पानिगिरी. वर्षभर कुठे ना कुठे ती चालूच असते.

ही सगळी रीत ज्याच्यावर उभी आहे तो पानिगिरास, म्हणजे त्या वर्षीचा यजमान. संताची प्रतिमा वर्षभर त्याच्या घरी असते. उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी ती वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. सायंप्रार्थना होते, पाव आशीर्वादित करून वाटले जातात आणि मग शेजारच्या भोजनगृहात, ज्याला तिथे त्रापेझा म्हणतात, जेवण वाढलं जातं. सगळ्यांना, फुकट. आपल्या गावच्या भंडाऱ्याची सवय असलेल्या माणसाला इथे काही समजावून सांगावं लागत नाही: लांबच लांब टेबलं, पहिली पंगत उठली की पटापट पुसून दुसरी बसते, वाढणारे गावातलेच. तुम्ही कोण, कुठले, हे वाढून झाल्यावर विचारतात. दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर प्रतिमा पुढच्या वर्षीच्या यजमानाकडे जाते.

जेवणाची सुरुवात काबुली चण्यांच्या सूपने होते, त्यामुळे तुमच्या घरच्यांचं तिथेच भागतं. पुढे पास्ता आणि मांस येतं, उपासाचा दिवस असेल तर मासे. मांसाचा रस्सा पास्त्यावर घातलेला असतो, म्हणून वाढायच्या आधीच हात आडवा करा. कोणी वाईट वाटून घेत नाही. जेवण उरकलं की व्हायोलिन आणि लाउतो सुरू होतं. मांडीवर घेऊन वाजवायचं हे तंतुवाद्य व्हायोलिनला ठेका देतं. सिफ्नोसची खासियत म्हणजे जागच्या जागी रचून गायलेल्या ओळी: एकजण यमक जुळवून यजमानाला किंवा समोरच्याला उद्देशून काही म्हणतो, दुसरा त्याला तशाच चालीत उत्तर देतो. भाषा कळत नसली तरी कुठली ओळ लागली ते टेबलावरच्या हशावरून लगेच कळतं. नाचाच्या साखळीत कोणी हात पुढे केला तर उठा, पावलं जमतात.

एक आग्रहाची विनंती. फक्त जेवायच्या वेळेला पोहोचू नका. आधीच्या प्रार्थनेला जा, मागे शांत उभे राहा, खांदे-गुडघे झाकलेले असू द्या, एक मेणबत्ती लावा, प्रार्थना चालू असताना मोबाइल खिशात ठेवा. निघताना यजमानाला शोधून ‘ख्रोनिया पोल्ला’ (सणाची शुभेच्छा, ‘खूप वर्षं लाभोत’) म्हणा. ज्या घराने वर्षभर तयारी करून तुम्हाला जेवू घातलं, त्यांच्यासाठी एवढं करायलाच हवं.

सगळ्यात मोठी पानिगिरी बेटाच्या रक्षणकर्त्या ख्रिसोपिगीची, म्हणजे येशूची आई मरियेची. ती ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी, येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी येते. ऑर्थोडॉक्स पंचांगानुसार २०२६ मध्ये २१ मे, २०२७ मध्ये १० जून. आदल्या दिवशी, म्हणजे बुधवारी, मरियेची प्रतिमा कामारेस बंदरातून बोटीने ख्रिसोपिगीच्या मठात आणतात. त्या दिवशी तुम्ही बेटावर असायलाच हवं. हा पांढरा मठ समुद्रात घुसलेल्या खडकावर आहे आणि तो खडक एका छोट्या पुलाने जमिनीशी जोडलाय. चाच्यांपासून पळणाऱ्या बायकांना वाचवायला खडक दुभंगला, अशी कथा सांगतात. जुलैत जमणार असेल तर १९ तारखेच्या संध्याकाळी प्रॉफिटिस इलियास या संताची पानिगिरी आहे, पण त्याचा मठ बेटाच्या सर्वांत उंच डोंगरावर, सुमारे ६८० मीटरवर. चढण चांगलीच दमवते, आई-बाबांना तिकडे नेऊ नका.

उत्सव हुकला तरी रविवार हुकवू नका. शनिवारी संध्याकाळी घराघरांतून मातीची झाकणाची भांडी लाकडाच्या भट्टीवर पोहोचतात. भिजवलेले चणे, भरपूर कांदा, ऑलिव्ह तेल, तमालपत्र, पाणी, बस. रात्रभर मंद आचेवर शिजून सकाळी चर्चनंतर ते घरी येतं. त्याला रेविथादा म्हणतात. चणा आख्खा दिसतो आणि जिभेवर ठेवला की विरघळतो, रस्सा दाट, कांदा पार मुरलेला. वरून लिंबू पिळायचं. हॉटेलातही मिळतं, पण दुपार कलायच्या आत संपतं. त्याशिवाय चण्याची भजी, केपरची (आंबट-खारट कळ्यांची) कोशिंबीर, वाइनच्या गाळात मुरवलेलं मानुरा चीज आणि मधाची मेलोपिता आहेच. उपाशी राहायची वेळ येणार नाही.

रेविथादाची ती मातीची भांडी बेटावरच घडतात. कामारेस आणि वाथीला कुंभारांच्या कार्यशाळा आहेत, चाकावर काम चालू असताना आत जाऊन बघता येतं. घरांच्या छपरांवरची धुरांडीही मातीच्या भांड्यांचीच असतात, त्यांना फ्लारोस म्हणतात. एखादं झाकणाचं भांडं जरूर घ्या, पण केबिन सामानातून आणा.

राहायला अपोलोनिया किंवा आर्तेमोनास ही गावं बघा. बस तिथूनच सगळीकडे जाते आणि संध्याकाळी गाव पायी फिरता येतं. कास्त्रो ही जुनी राजधानी अर्ध्या दिवसात होते; तिथली बाहेरच्या रांगेतली घरंच तटबंदीचं काम करायची.

बेटावर विमानतळ नाही. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून वेगवान बोट साधारण तीन तास घेते, साधी पाचच्या आसपास. बोट लागत असेल तर साधी मोठी बोटच बरी. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेकडचा जोरदार वारा सुटला की बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी अथेन्सला मुक्काम ठेवा. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जूनला जाणार असाल तर अपॉइंटमेंट लवकर घ्या. ख्रिसोपिगीच्या आठवड्यात अथेन्समध्ये राहणारे सिफ्नोसकरही गावी येतात, तेव्हा खोलीचं आरक्षण सगळ्यात आधी करा.