आत्मविश्वासाला पाचपैकी एक

विज्ञान शिकवणारे एक सर गुणपत्रकांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आले होते. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी त्यातला एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला. तोंडी सादरीकरण, एकूण गुण २०. आशय २, मांडणी २, आत्मविश्वास १, देहबोली १. बेरीज ६.

"लेखी परीक्षेत ही मुलगी वर्गात पहिल्या पाचात असते, मॅडम. पण समोर उभी राहिली की आवाज फुटत नाही, हात थरथरतात. तीन मिनिटं बोलायचं होतं, दीड मिनिटात गुंडाळलं आणि जागेवर जाऊन रडली. गुण वाढवून द्यावेत तर बाकीच्या मुलांवर अन्याय, न द्यावेत तर हिच्यावर. मी करू काय?"

हा पेच बरेच शिक्षक घेऊन येतात. ज्यांना मुलांबद्दल आतून काही वाटतं, त्यांनाच तो छळतो. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील मी बदलले आहेत.) सूट द्यावी की नाही, याकडे मी लगेच वळत नाही. मूल काय बोललं, ते आधी विचारते.

सरांना आठवायला वेळ लागला नाही. विषय होता भूकंपाच्या लहरी. प्राथमिक लहरी आधी पोहोचतात, दुय्यम मागून येतात, हे वर्गातल्या तिघाचौघांनी सांगितलं होतं. "पण दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, आणि पृथ्वीचा बाह्य गाभा द्रवरूप आहे हे त्यावरूनच कळतं, हे फक्त हिनं सांगितलं. पुटपुटत का होईना, पण सांगितलं."

"मग आशयाला दोनच गुण का?"

सर कागदाकडे बघत राहिले. मीही काही बोलले नाही. त्या मिनिटभरात त्यांना जे दिसलं, ते मी समजावून सांगितलं असतं तरी तितकं पोचलं नसतं.

असं सगळ्यांचंच होतं, हे मात्र मी त्यांना आवर्जून सांगितलं. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना दिलेले शेरे तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य हे खरं तर वेगवेगळे गुण. पण एकाला वरचा शेरा मिळाला की उरलेल्यांनाही वरचा, एकाला खालचा की सगळ्यांना खालचा, असा प्रकार त्याला आढळला. पहिल्या छापेचा रंग सगळ्या रकान्यांवर चढतो. वर्गातही आवाज कापला की तो कंप आशयाच्या रकान्यापर्यंत झिरपतो, आणि झिरपला हे देणाऱ्याला कळतही नाही. त्यात ही मुलगी वर्गातल्या सर्वांत बोलक्या मुलाच्या लगेच नंतर उभी राहिली होती, आणि गुण भरले होते तास संपल्यावर, आठवून आठवून.

मग मी 'आत्मविश्वास' या रकान्यावर बोट ठेवलं. माझं याबद्दलचं मत ठाम आहे. आत्मविश्वास ही मनातली गोष्ट, ती बाहेरून मोजता येत नाही. आपण मोजतो ते तिचे कयास. शिवाय भीतीचे गुण आत्मविश्वासात कापायचे, थरथरत्या हातांचे देहबोलीत कापायचे आणि पडलेल्या आवाजाचे मांडणीत, म्हणजे एकाच गोष्टीची शिक्षा तीनदा झाली. त्याऐवजी कानाला आणि डोळ्याला कळेल असं लिहा, असं मी सुचवलं. शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचला का? मुख्य मुद्दा कोणता ते ऐकणाऱ्याला सांगता येतं का? दाव्याला आधार दिला का? एखाद्या प्रश्नाला उत्तर देता आलं का? यात आवाजाचे गुण राहतातच. न पोचलेला आवाज ही खरी उणीव आहे, आणि सरावाने ती भरून काढता येते. 'आत्मविश्वास कमी' या शेऱ्याचं मुलाने नेमकं काय करायचं?

मुलीला मी नंतर दोनदा भेटले. पहिल्या भेटीत ती फार बोलली नाही. दुसऱ्या भेटीत तिने जे सांगितलं, ते कुठल्याच गुणपत्रकात मावलं नसतं. "सर मागे बसून ऐकत असतात. मधेच पेन उचलतात. पेन उचललं की मला कळतं, काहीतरी चुकलं. मग पुढचं आठवतच नाही."

सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते चकित झाले. चांगला मुद्दा आला की ते टिपून ठेवायचे, म्हणून पेन उचलायचे!

सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ साली ताणावरचे २०८ प्रयोग एकत्र अभ्यासले होते. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सर्वांत जास्त वाढतं ते दोन गोष्टी जुळून आल्यावर: कुणीतरी आपल्याला जोखत असतं आणि त्यावर आपला काही ताबा नसतो. या मुलीपुढे दोन्ही होतं. जोखणारं पेन दिसत होतं, ते काय लिहितंय ते मात्र कळत नव्हतं, आणि रकाने कोणते हे तर मुलांना आधी सांगितलेलंच नव्हतं.

तेव्हा सरांसोबत एवढंच ठरवलं. रकाने आठवडाभर आधी फळ्यावर लिहायचे. प्रत्येक मुलाच्या पहिल्या वाक्यापासून लिहायला लागायचं आणि सलग लिहीत राहायचं, म्हणजे पेन उचलण्याला काही अर्थच उरत नाही. गुण त्या टिपणावरून द्यायचे, आणि सगळे झाले की पहिल्या तिघांचे कागद पुन्हा उघडून बघायचे, कारण सुरुवातीला हात आखडलेला असतो किंवा सैल असतो. मुद्द्यांचं छोटं कार्ड हातात धरायची मुभा सगळ्यांना. एकालाच दिली तर ती सवलत होते, आणि ती घेणाऱ्यालाच बोचते.

"तिने माझ्यासमोर एकटीनेच बोललं तर चालेल का?" हा प्रश्न त्यांनी जाता जाता विचारला. एक पायरी म्हणून चालेल, पण कायमचं नको. भीतीपासून पळायची सोय झाली की सुटका वाटते, आणि त्या सुटकेवरच भीती पोसते. तोतरेपणा असलेल्या मुलाची गोष्ट वेगळी: तिथे अडखळण्याचे आणि जास्त लागलेल्या वेळाचे गुण कापायचेच नाहीत, आणि वाचा-उपचार तज्ज्ञांशी बोलून घ्यायचं.

मुलीला मी एक माहिती दिली, तिच्याच वयाला शोभेल अशा शब्दांत. आपली धडधड सगळ्यांना दिसतेय असं बोलणाऱ्याला वाटतं, तेवढी ती दिसत नाही. केनेथ सावित्स्की आणि टॉमस गिलोविच यांनी २००३ साली हे भाषण करणाऱ्या विद्यार्थ्यांना आधीच सांगून पाहिलं, तर ज्यांना सांगितलं त्यांची भाषणं जास्त चांगली झाली, स्वतःच्या आणि श्रोत्यांच्याही मते. तिने दोनदा विचारलं, "खरंच दिसत नाही?" मग सराव आधी एका मैत्रिणीसमोर केला, नंतर तिघींसमोर.

पुढच्या सादरीकरणात तिचं कार्ड थरथरत होतंच. एकदा थांबली, कार्डात बघितलं, पुन्हा सुरू झाली. अडीच मिनिटं बोलली. आवाज मधल्या बाकांपर्यंत पोचला, शेवटपर्यंत नाही, आणि सरांनी त्याचा एक गुण कापला. तो कापल्याचं तिला वाईट वाटलं नाही, कारण कुठे कापला ते तिला माहीत होतं.

सर मात्र पुन्हा आले, या वेळी दुसरा कागद घेऊन. तिच्या आधी उभा राहिलेल्या त्या बोलक्या मुलाचा. जुन्या पत्रकात आशयाला पाचपैकी पाच. नव्या टिपणात मुद्दा एकच, तोही तीनदा फिरवून सांगितलेला. "याला आजवर सगळ्यांनी 'छान' एवढंच म्हटलंय, मीसुद्धा. आता याला काय सांगू?" आम्ही तो तास त्या मुलासाठी वापरला.