आमच्या कंपनीत महिला इंजिनियर टिकत नाहीत. विविधता आणि समावेशन वाढवण्यासाठी प्रशिक्षण ठेवावं का?

ठेवायचं तर ठेवा, सगळ्यांना एक दिवस कामातून सुट्टी. पण 'टिकत नाहीत' वाचून डोकं तापलं. माझ्या पहिल्या नोकरीत साहेबांचं हे पेटंट वाक्य होतं.

मी मेकॅनिकलची. प्लांट कमिशनिंगच्या, म्हणजे नवा कारखाना तपासून चालू करून देणाऱ्या टीममध्ये बाई अशी मी एकटीच. स्टोअरमधले सेफ्टी शूज दोन नंबर मोठे, आत मोज्यांवर मोजे चढवायचे. हातमोज्यांची टोकं रिकामी लोंबायची. फ्लँजचा, म्हणजे पाइपांच्या जोडाचा नट धरायला गेलं की आधी नट निसटायचा, मागून हातमोजा. काढून काम केलं तर सेफ्टीवाला नोंद करणार, घालून केलं तर 'हिचा हात चालत नाही'. हार्नेस, म्हणजे उंचीवर चढताना अंगाला बांधायचे सुरक्षा पट्टे, पूर्ण आवळूनही खांद्यावरून घसरायचा. असा हार्नेस घालून वर चढवणं कोण मान्य करणार? म्हणून मी खाली, रीडिंग लिहायला. आणि अप्रेझलमध्ये शेरा: 'उंचीवरच्या कामाचा अनुभव कमी.' लहान मापासाठी लेखी मागणी दिली, तर म्हणे एकीसाठी वेगळी ऑर्डर निघत नाही. मी राजीनामा दिला तेव्हा साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, बघा, टिकत नाहीत.

त्यांचा दुसरा लाडका मुद्दा, मुली घ्यायच्या तर दर्जा खाली आणावा लागतो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेणाऱ्यांत १९९५ मध्ये मुली ७ टक्के होत्या, २००० मध्ये ४२ टक्के. पदवी स्वस्त केली नव्हती. आधीपासून प्रोग्रॅमिंग येत असण्याला प्रवेशात जे वजन होतं ते काढलं, आणि ज्यांना ते येत नव्हतं त्यांच्यासाठी पहिल्या वर्षी वेगळी सुरुवात ठेवली. ज्याच्या घरी लहानपणापासून कॉम्प्युटर, तो हुशार, असा हिशेब चालला होता तो थांबला. साहेबांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, कॉलेजचं वेगळं, साइटचं वेगळं. काहीही वेगळं नाही!

तुम्ही काय करावं? सोडून गेलेल्यांना फोन करा, आणि तो एचआरने करू नये, खरं कोणी सांगणार नाही. वर्षभरात कुणाला कोणतं काम मिळालं ते कागदावर मांडा. मोठी कामं त्याच चौघांकडे दिसतील. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न विचारा, मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने गुण आधी लिहावेत, चर्चा नंतर. नाहीतर टेबलावरचा सगळ्यात मोठा आवाज जिंकतो. आणि लहान मापाची ऑर्डर बाई रुजू व्हायच्या आधी काढा.

सॉफ्टवेअरवाले म्हणतील आमच्याकडे हार्नेस कुठे. तुमच्याकडे मीटिंगचे मिनिट्स आहेत ना, ते नेहमी कोण लिहितं बघा.

हे सगळं मी बायकांपुरतं लिहिलं, कारण भोगलं तेवढंच. पण त्या साइटवर लहान चणीचे पुरुषही तेच हातमोजे घालून नट पाडायचे. फक्त त्यांच्या अप्रेझलमध्ये ते कधी आलं नाही.