बेलग्रेडला जॅझ ऐकायला निघालास? मग हे वाच

आधी व्हिसा. बेलग्रेड ही सर्बियाची राजधानी, आणि 2023 पासून भारतीय पासपोर्टवर सर्बियात बिनव्हिसा जाता येत नाही. मात्र शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा), ब्रिटन किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर वेगळा काढावा लागत नाही.

जॅझच हवं असेल तर ऑक्टोबरचा शेवट धर. तिथला जॅझ महोत्सव 1971 पासूनचा, आणि पहिल्याच वर्षी ड्यूक एलिंग्टन आणि माइल्स डेव्हिस, अमेरिकी जॅझचे दिग्गज! तेही साम्यवादी युगोस्लाव्हियात, सर्बिया तेव्हा त्याचाच भाग, बरं का. तिकिटं जमली नाहीत तरी हिरमुसू नकोस, शहरात छोट्या क्लबांमध्ये वाजवणारे भेटतात. असे क्लब शोधायचे तर हॉस्टेलवाल्याला विचार, इंटरनेटवरच्या याद्या जुन्या असतात.

नदीतले तरंगते क्लब, म्हणजे 'स्प्लाव', उन्हाळ्याची चैन. गाजावाजा मोठा, पण तिथे बहुधा टेक्नो नाहीतर टर्बोफोक, म्हणजे लोकसंगीत आणि डान्स-पॉपची तिथली मिसळ. जॅझच्या कानाला सोसेलच असं नाही. स्काडार्लियाच्या दगडी गल्लीत एक चक्कर मार, जेवण मात्र दोन गल्ल्या सोडून साध्या 'काफाना'त, म्हणजे तिथल्या खानावळीत घे. राकिया, म्हणजे तिथली फळांची कडक दारू, घोट घोट प्यायची, आपल्या फेणीसारखी. एका दमात नाही.

पैसे वाचवायला फार डोकं लागत नाही. जानेवारी 2025 पासून शहरातल्या बस-ट्राम फुकट आहेत, विमानतळावरून येणारी 72 नंबरची बससुद्धा. सकाळी बुरेक (मांस किंवा चीज भरलेली पापुद्र्यांची पेस्ट्री) आणि दही खाल्लं की दुपार निघते. कालेमेग्दान किल्ल्याच्या आवारात शिरायला तिकीट नाही. संध्याकाळी सावा आणि डॅन्यूबचा संगम बघत बस, क्लब तसेही उशिराच रंगतात.