पहिलं दुपटं शिवण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. बहिणीच्या बाळासाठी दुपटं शिवायचं आणि त्यावर फुलं, पक्षी, नाव असं सगळं काढायचं, हा तुझा बेत वाचला. फुलं-पक्षी तूर्त बाजूला ठेव. दुपटं नक्षीमुळे बिघडत नाही. ते बिघडतं पहिला टाका घालण्याआधी, कापड निवडताना आणि थर लावताना.

एक जुनी सहावारी सुती साडी पुरेशी आहे. मात्र मऊ लागते म्हणून ती सुतीच असेल, असं धरून चालू नकोस. कडेचे दोन-चार धागे ओढून काडीने पेटव. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख बोटावर भुरभुरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी दिसला तर ती साडी परत ठेव. असं कापड ओल शोषत नाही, शिवाय थरांमधून सतत घसरत राहतं.

मग साडी उजेडासमोर धर. निऱ्यांच्या खालचा आणि बसण्याचा भाग बहुतेक विरलेला असतो. दोन्ही हातांनी ताणून बघ. धागे तुटल्याचा बारीक आवाज आला तर तो भाग वरच्या-खालच्या थराला घेऊ नकोस, आत घाल. आतल्या थरात ठिगळही चालतं. रंग जातो का हेही आत्ताच पाहायचं: ओला पांढरा रुमाल साडीवर ठेवून गरम इस्त्री दाबायची. रुमालाला रंग लागला तर ती साडी बाद. मिठाच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो, असं चारजणी सांगतील. रंगवून झालेल्या कापडाच्या बाबतीत त्यावर भिस्त ठेवू नकोस. लाल आणि मरून तर हमखास दगा देतात.

वरच्या थराला नवं मलमल लावायचा मोह झाला तर ते आधी गरम पाण्यात दोनदा धुऊन वाळव. न धुता लावलंस तर पहिल्याच धुण्यात ते आटेल. आतले जुने थर कधीच आटून बसलेले असतात. मग वरचं कापड आवळतं आणि खालच्याला सुरकुत्या पडतात. त्या पुढे कशानेही जात नाहीत.

आता कापणं. साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद असते. फॉल उसवून काढ. तुकडे करण्याआधी दोन्ही काठ अखंड लांबीचे कापून घे. गडबडीत हेच राहून जातं आणि मग गोटाला, म्हणजे कडेने लावायच्या पट्टीला, चार जोड द्यावे लागतात. वरचा काठ गोटाला ठेव, कारण खालच्याला फॉलच्या टाक्यांची भोकं पडलेली असतात. काठ जरीचा असेल तर तो बाळाच्या दुपट्याला नकोच, टोचतो. अशा वेळी पदराच्या पट्ट्या जोडून गोट करायचा. उरलेल्या कापडातून प्रत्येकी नव्वद सेंटिमीटरचे पाच तुकडे निघतात, म्हणजे पाच थर. पदर वेगळा उरतो. चांगलं कापड आडवं फाडलं तर धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. विरलेलं मात्र फाडू नकोस, एक धागा ओढून काढ आणि त्या रेषेवर कात्री चालव.

थर लावायचे ते गादीवर नाही, पुसलेल्या फरशीवर. सगळे तुकडे इस्त्री केलेले हवेत. खालचा थर सुलट बाजू खाली करून पसर आणि त्याचे चार कोपरे चिकटपट्टीने फरशीला धरून ठेव. पुढचा प्रत्येक थर मधून कडांकडे तळव्याने सपाट करत जा. साडीची लांबी सगळ्या थरांत एकाच दिशेला ठेव. कापड उभं-आडवं सारखं ताणलं जात नाही, त्यामुळे दिशा बदलली की कडा वाकड्या होतात.

यानंतर कच्चा दोरा, म्हणजे थर धरून ठेवणारी तात्पुरती शिवण, आणि इथे कंटाळा चालणार नाही. पांढऱ्या दोऱ्याने पाच-सहा सेंटिमीटरचे लांब टाके घाल. आधी मधोमध अधिक चिन्हासारख्या दोन ओळी, मग वीतभर अंतरावर बाकीच्या, प्रत्येक ओळ मधून बाहेर जाणारी. रंगीत दोरा वापरू नकोस, त्याचे डाग राहतात. टाचण्या तर नकोतच. एक जरी आत राहिली तरी बाळाच्या अंगाखाली जाईल.

पक्क्या शिवणीला नक्षीकामाचा सहापदरी दोरा घेऊन त्याचे तीन पदर वापर. ओळी दोन सेंटिमीटरवर घेतल्यास पन्नासेक ओळी होतात आणि साधारण साठ मीटर दोरा लागतो. आठ मीटरच्या एका लडीतून तीनपदरी सोळा मीटर मिळतो, म्हणून चार लड्या पुरतात. पाचवी हाताशी असू दे, नंतर तीच छटा मिळेल याची खात्री नसते. हातसुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, मशीनच्या सुईचं बरोबर उलट. पाच नंबरची नक्षीकामाची सुई घे. दाभणाने भोकं पडतात. मधल्या बोटात अंगुस्तान (शिवणाची टोपी) घाल, नाहीतर दुसऱ्या दिवशी सुई धरवणार नाही.

दोरा एका वेळी हातभरच घे. लांब दोरा गुंततो आणि कापडातून जाऊन जाऊन विसविशीत होतो. गाठ मारून सुई फक्त वरच्या थरातून, ओळीपासून इंचभर अलीकडे घाल आणि हलका हिसका दे; गाठ टप् करून आत जाते. मग धावदोरा: टाका अर्ध्या सेंटिमीटरचा, सुईवर तीन-चार टाके भरून मगच ओढायचे. ओळ संपली की तिच्यावरून तळवा फिरव. चुण्या लागल्या तर दोरा घट्ट आहे, लगेच सैल कर.

जाणत्या बायका कडेने गोल गोल शिवत मध्याकडे येतात. तू तसं करू नकोस. जास्तीचं कापड पुढे ढकललं जातं आणि शेवटी मध्यावर त्याचा फुगा येतो, तो घालवायला जागाच उरत नाही. सरळ ओळी, मधली आधी, मग एक या बाजूला, एक त्या बाजूला.

गोट सगळ्यात शेवटी. कडा कात्रीने सरळ करून घे. चारी बाजूंचा घेर पावणेचार मीटर, म्हणून कोपऱ्यांसकट चार मीटर पट्टी धर. पट्टी पाच-सहा सेंटिमीटर रुंद असावी. सुलट बाजूने शिवून ती मागे दुमडायची आणि आंधळ्या, म्हणजे वरून न दिसणाऱ्या, टाक्याने बसवायची. कोपऱ्याला ती तिरकी दुमडून घडीवर दोन जास्तीचे टाके दे, तिथेच ती पहिली उसवते. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका आपल्या गोधडीच्या कोपऱ्यांवर कापडाचे घडी घातलेले त्रिकोण बसवतात, त्याला त्या ‘फुला’ म्हणतात. तुला नक्षी हवीच असेल तर अशी कोपऱ्यातली कर. मणी, आरसे, बटणं मात्र लावायची नाहीत. आणि दुपटं अंगाखाली घालायला आहे, झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या तोंडाजवळ सैल कापड नको, हे बहिणीलाही सांग.

पुढे मोठी गोधडी करशील तेव्हा दोन नऊवार साड्यांत पाच थर होतात: दीड मीटरचे दहा तुकडे, एका थराला दोन जोडून. तेव्हा सगळे जोड एकावर एक येऊ देऊ नकोस, मधोमध वरवंटा होतो. एका आड एका थरात एक तुकडा उभा चिरून त्याचे अर्धे भाग दुसऱ्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना जोड.

कच्चा दोरा काढून मगच दुपटं धू. थंड पाणी, साधा साबण. पिळू नकोस, पाणी निथळू दे आणि सावलीत दोरीवर आडवं घाल. वाळल्यावर उजेडात एकदा सगळ्या ओळी बघ. सुटलेला टाका सापडला तर तिथे चार बोटं आधीपासून नवी ओळ जुन्यावरूनच घाल.

तुझी,
काकू