मिअँडरचा पट्टा: आधी ठिपके, मग अर्थ

प्रिय मित्रा,

घटाच्या खांद्यावर मिअँडर (काटकोनात वळत, आत आकड्यासारखी मुडपत सलग जाणाऱ्या रेषेचा ग्रीक पट्टा) काढायचा आणि शेजारी ‘अनंताचं प्रतीक’ अशी ओळ लिहायची, असा तुझा बेत आहे. रेषेपासून सुरुवात करू.

ठिपक्यांच्या रांगोळीसारखे चार बाय चार ठिपके मांड, दोन ठिपक्यांत १० मिमी. डावीकडच्या खालच्या ठिपक्यावरून नीघ: वर ३ घरं, उजवीकडे ३, खाली २, डावीकडे १, वर १, डावीकडे १, खाली २, उजवीकडे ३. शेवटच्या तीन घरांनी तू पुढच्या चौकडीच्या पहिल्या ठिपक्यावर येतोस. सोळाही ठिपके एकदाच लागले पाहिजेत. एखादा सुटला तर वळण चुकलं समज. रेषेची जाडी ५ मिमी ठेव, म्हणजे रेष आणि मधली जागा सारखी होते. मिअँडरची सगळी ताकद या बरोबरीत आहे. रेष जाड झाली की आतला आकडा (हुकासारखं वळण) बुजतो, बारीक झाली की पट्टा तारेच्या जाळीसारखा पोकळ दिसतो.

खरी फजिती होते घेर पूर्ण होताना. एक चौकडी ४ सेमी आणि घेर ९० सेमी असेल, तर साडेबावीस चौकड्या बसतात आणि शेवटी अर्धी उरते. तेव्हा ब्रश उचलण्याआधी घेर दोऱ्याने मोज, २२ ने भाग. चौकडी ४.०९ सेमी होईल. एक मिलिमीटरहून कमी ताण आहे, तोही सगळीकडे सारखा वाटलेला, म्हणून डोळ्याला कळत नाही. शेवटच्या दोन चौकड्या दाबून जुळवल्या की मात्र लगेच कळतं. उंची ३५ मिमीच (तीन घरं आणि रेषेची जाडी) राहू दे. आडव्या रेघा घट चाकावर फिरवूनच आख; फुगीर अंगावर पट्टी ठेवून आखलेली रेघ वाकडीच जाते.

हा पट्टा खुलला तो अथेन्सच्या भौमितिक शैलीत, इ.स.पू. ९०० ते ७०० या काळात. दिपिलॉनचा (अथेन्सच्या वेशीजवळच्या जुन्या दफनभूमीतला) मोठा घट बघ: सुमारे इ.स.पू. ७५०, दीड मीटरहून उंच, एका स्त्रीच्या थडग्यावर उभा केलेला, आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. त्यावर एकेरी, दुहेरी, तिहेरी असे मिअँडर आहेत. त्या काळचे चित्रकार वळणाच्या दोन कडा आखून आत तिरक्या रेघा भरत. तसं करायचं असेल तर तिरकेपणा शेवटपर्यंत एकाच बाजूचा ठेव आणि पट्ट्याच्या वर-खाली तीन-तीन बारीक रेघा दे. त्यांच्याशिवाय पट्टा घटावर तरंगतो.

आता ती ओळ. ‘अनंत’ हा अर्थ आपल्याला सुचतो, कारण रेष थांबत नाही. पण मिअँडर अथेन्सच्या भांड्यांवर आला तेव्हा तिथे अक्षरलेखन नीट रुजलंही नव्हतं, त्यामुळे त्या कारागिरांनी मनात काय धरलं होतं हे सांगणारा मजकूर नाही. मृत्यूशी जोडावा, तर तोच पट्टा रोजच्या पेल्यांवरही आहे. चक्रव्यूहाशी नातं मात्र दाखवता येतं: क्रीट बेटावरच्या क्नोसॉस शहराच्या नाण्यांवर एका बाजूला मिनोटॉर (दंतकथेतला, चक्रव्यूहात कोंडलेला बैलाच्या डोक्याचा राक्षस) आणि दुसरीकडे मिअँडरसारख्या वळणांचा चक्रव्यूह आहे. पण ती नाणी इ.स.पू. पाचव्या शतकापासूनची, म्हणजे दिपिलॉनच्या घटानंतर अडीचशेहून अधिक वर्षांनी आलेली. म्हणून ‘पुढे चक्रव्यूहाशी जोडला गेला’ असं लिही. तेवढं सिद्ध आहे आणि मला ते ‘अनंता’पेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

तुझ्या तबकाच्या आयताकृती चौकटीसाठी: मिअँडर कोपऱ्यावर वळवत बसू नकोस, तिथे आकडा हमखास मोडतो. अ‍ॅटिक लाल-आकृती कायलिक्सवर (अथेन्स परिसरातल्या, काळ्या भुईवर लाल आकृत्या असलेल्या उथळ पेल्यांवर) मिअँडरच्या मध्ये फुलीचे चौकोन घालत. तसाच ३५ मिमीचा चौकोन चारही कोपऱ्यांत ठेव आणि प्रत्येक बाजू त्याच्यापासून नव्याने सुरू कर. आकडे चारही बाजूंना एकाच दिशेने फिरले पाहिजेत, म्हणून कागद फिरव, हात नको.

तुझा हितचिंतक