‘आता या वयात पदवी करू, की एखादा कोर्स?’

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात हिशेब बघणाऱ्या एक ताई माझ्याकडे सल्ल्याला आल्या होत्या. वय ३८, बारावी कॉमर्स. एका क्लासचं माहितीपत्रक पुढे ठेवून म्हणाल्या, "सहा महिन्यांत डिप्लोमा. पदवीइतकाच चालतो म्हणतात. पदवीला तीन वर्षं जायची, मॅडम. तेव्हा मी एक्केचाळीसची!"

हा प्रश्न मला सारखा विचारला जातो, आणि प्रत्येकाला मी आधी एकच विचारते: अडलंय कुठं?

त्यांनी पासबुकात घडी करून ठेवलेलं कात्रण काढलं. पतसंस्थेत लेखनिक हवा होता. कात्रणाच्या कडांना हळद लागलेली, आणि 'कोणत्याही शाखेचा पदवीधर' या शब्दांखाली पेनाची रेघ. टॅली, जीएसटी, शेतकऱ्यांना द्यायच्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या हे सगळं त्या बारा वर्षं रोज करतात. कोर्स त्यांना नवीन काय शिकवणार? अडलं होतं ते त्या एका शब्दाशी, आणि तिथं डिप्लोमा चालत नाही. 'पदवीइतकाच' असं तोंडी सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. गरजू माणसाचे पैसे जातात, वर्षही जातं.

याउलट मिरजेचा एक पदवीधर मुलगा एमए करायला निघाला होता. त्याला दुकानाची हिशेबाची कामं घ्यायची होती. त्याला मी छोटा कोर्सच सांगितला.

ताईंना कॉलेज रोज जमणार नव्हतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता असलेल्या दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. फक्त पैसे भरण्याआधी यूजीसीच्या संकेतस्थळावर विद्यापीठ आणि अभ्यासक्रम, दोन्हींची मान्यता त्या वर्षासाठी आहे का, ते बघायचं. आम्ही दोघींनी मोबाइलवर ते तिथंच बघितलं. पतसंस्थेची ही जागा गेलीच, पण अशा जाहिराती पुन्हा येतात. वयाची अट मात्र दरवेळी वाचा, म्हटलं.

"परीक्षा सौद्यांच्या हंगामात आली तर?"

खरी धास्ती ही होती. फेब्रुवारीपासून यार्डात त्यांना मान वर करायला फुरसत नसते. म्हटलं, रजेचं आजच बोलून ठेवा, आणि पहिल्या वर्षाची पुस्तकं दिवाळीआधी एकदा वाचून काढा.

त्यांनी माहितीपत्रक माझ्याच टेबलावर ठेवलं, कात्रण पुन्हा पासबुकात घातलं. "मालकांशी मी संध्याकाळी बोलते. बारावीचं मार्कलिस्ट तेवढं माहेरी आहे, तासगावला."